एका तासाचा हिशेब



मी वाणिज्य शाखेची. चाळीस वर्षं घर सांभाळलं तरी डोक्यातली खतावणी काही मिटली नाही. कुठलीही गोष्ट ऐकली की मला आधी आकडा दिसतो. म्हणून आजही आकड्यापासूनच सुरुवात करते. सन २००७ च्या सुमाराला क्यूबा देशात सरकारी नोकराचा सरासरी महिन्याचा पगार वीस डॉलरच्या आसपास होता. आणि त्याच वेळी हवाना शहरातल्या परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलात बसून इंटरनेट वापरायचं म्हटलं तर एका तासाला सहा ते आठ डॉलर पडायचे. म्हणजे महिन्याचा एक तृतीयांश पगार एका तासात खलास. आपल्या घरात ज्याला वीस हजार पगार आहे त्याने एका तासासाठी सहा-सात हजार मोजण्यासारखंच झालं हे. असा तास विकत घेऊन एक बाई काय लिहीत होती? तर घरातल्या लिफ्टबद्दल, दुधाबद्दल, रेशनच्या पुस्तकाबद्दल, रांगेबद्दल. म्हणजे आपण इथे जे लिहितो तेच.

या बाईचं नाव योआनी सांचेझ. तिच्यावर आणि तिच्यासारख्या आणखी दोघींवर स्वित्झर्लंडच्या बार्बरा मिलर यांनी २०१२ साली ‘फॉरबिडन व्हॉइसेस’ नावाचा माहितीपट केला. मनाई केलेले आवाज, असं आपण म्हणू. दुसरी चीनची झेंग जिनयान आणि तिसरी इराणची फरनाज सैफी. धाकट्या सुनेने मला तो दाखवला. ती मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगत होती, कारण उपशीर्षकं माझ्या चष्म्यापेक्षा जलद पळतात. आमचे हे शेजारी पेपर वाचत बसले होते, पण अर्ध्या तासाने पेपर खाली आला तो आलाच. तेव्हापासून या तिघींबद्दल मिळेल ते वाचते आहे, आणि त्यातलं थोडं तुम्हाला सांगावंसं वाटतं.

योआनीच्या लिखाणाचं नाव ‘हेनेरासिओन वाय’, म्हणजे वाय पिढी. त्यामागची गंमत आपल्या बायकांना लगेच कळेल. सत्तर-ऐंशीच्या दशकात क्यूबात मुलांची नावं इंग्रजी वाय अक्षरावरून ठेवायची लाटच आली होती. यानिस्लेइदी, योआंद्री, युसिमी, युनिएस्की. आपल्याकडे एका काळात दर तिसऱ्या घरात सुनीता, अनिता, विनिता असायच्या तसंच. या वाय-वाल्या मुलांची पिढी रेशनवर वाढली, शाळेत क्रांतीच्या घोषणा देत मोठी झाली आणि पुढे तिच्या वाट्याला नुसती टंचाई आली. त्या पिढीसाठी ती लिहू लागली एप्रिल २००७ मध्ये.

आता दुधाचं सांगते. क्यूबात रेशनवर दूध मिळायचं ते सात वर्षांपर्यंतच्या मुलांना. मुलाला सात पूर्ण झाली की नाव यादीतून गेलं. त्या २००७ च्या जुलैत राऊल कास्त्रो यांनी भाषणात म्हटलं की ज्याला हवा त्याला पेलाभर दूध प्यायला मिळेल इतकं उत्पादन व्हायला हवं. सगळ्या देशात त्या पेलाभर दुधाची चर्चा झाली. देशाच्या प्रमुखाने एवढ्या मोठ्या भाषणात दुधाच्या पेल्याचं वचन द्यावं लागणं, यातच त्या देशाचा ताळेबंद आला. योआनीने राजकारणावर लिहायचं म्हणून राजकारण लिहिलं असं मला वाटत नाही. तिने स्वयंपाकघर लिहिलं. तिच्या देशात ते आपोआप राजकारण ठरलं.

आणि ते लिहायची रीत बघा. आपल्याच देशातल्या त्या मोठ्या हॉटेलांत क्यूबाच्या माणसाला राहायला मनाई होती, ती २००८ च्या मार्चपर्यंत. मग ही काय करायची? ती दोन वर्षं झुरिकला राहून आलेली, जर्मन उत्तम बोलायची. पर्यटक बाईसारखा पोशाख करून, जर्मनमध्ये बोलत, ताठ मानेने हॉटेलच्या दारातून आत जायची. मजकूर घरीच लिहून ठेवलेला, पेन ड्राइव्हवर घेतलेला. तासाचे पैसे मोजायचे, भराभर मजकूर पाठवायचा आणि बाहेर पडायचं. काटकसर म्हणजे काय ते कोणी तिच्याकडून शिकावं! पुढे सरकारने क्यूबातून तिचं पानच उघडेना असं करून ठेवलं. २००८ पासून जवळजवळ तीन वर्षं ती स्वतःचंच पान स्वतःच्या देशात बघू शकत नव्हती. मजकूर परदेशातल्या ओळखीच्यांना ईमेलने पाठवायचा आणि तो त्यांनी चढवायचा. वाचणारे त्याची वीस-पंचवीस भाषांत नाही तरी डझनभर भाषांत फुकट भाषांतरं करत होते, आणि लिहिणारीला तो छापलेला कसा दिसतो ते ठाऊक नाही. स्वतः केलेलं पक्वान्न पाहुण्यांनी खावं आणि आपल्याला चव बघायलाही मिळू नये, तसं.

एक किस्सा तर मी सगळ्या शेजारणींना सांगून झाले आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये हवानात इंटरनेट या विषयावरच एक जाहीर चर्चा होती आणि हिला आत घ्यायचं नाही असं ठरलेलं. ही सोनेरी केसांचा टोप घालून आत गेली आणि हात वर करून बोललीसुद्धा. नाटकातच शोभावं! पण हसून होतंय तोच पुढचा महिना येतो. नोव्हेंबर २००९ मध्ये हिंसेच्या विरोधातल्या एका मोर्चाला जात असताना तिला भररस्त्यात गाडीत कोंबलं, मारहाण केली आणि दुसरीकडे नेऊन सोडून दिलं. घरी मुलगा शाळकरी वयाचा. त्याला आईने काय सांगितलं असेल, हा विचार मला त्या मारहाणीपेक्षा जास्त वेळ छळत राहिला.

तिच्या नवऱ्याबद्दल मला अजून बघायला आवडलं असतं. रेनाल्दो एस्कोबार हा मुळात पत्रकार. १९८८ साली त्याला वर्तमानपत्रातून काढून टाकलं, मग तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करू लागला. राहतात ते चौदाव्या मजल्यावर. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मिळावा, हे मी तरी पुण्याई म्हणेन. तिच्या त्या मजल्यावर ती पुढे दुसऱ्यांना लिहायला, पान तयार करायला शिकवायची. घरच्या हॉलमध्येच वर्ग.

परदेशात तिला मान मिळत होता. २००८ साली स्पेनचा ओर्तेगा इ गासेत पुरस्कार मिळाला, ‘टाइम’ साप्ताहिकाच्या शंभर प्रभावी माणसांत नाव आलं. पण पुरस्कार घ्यायला जायचं तर देशाबाहेर पडायचा परवाना लागतो, आणि तो दर वेळी नाकारला जायचा. असे नकार तिने विसाच्या आसपास जमा केले. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये तो परवान्याचा कायदाच बदलला, आणि फेब्रुवारीत ती निघाली ती तीन महिन्यांहून जास्त जग फिरून आली. परत आली, हे महत्त्वाचं. बाहेर राहायची सोय सहज झाली असती.

आता जिनयान. हा भाग बघताना सूनबाईने दोनदा पाणी आणून दिलं मला.

जिनयान १९८३ ची, म्हणजे माझ्या थोरल्याहून थोडीशीच मोठी. तिचा नवरा हू जिया एड्स झालेल्या गावकऱ्यांसाठी काम करायचा. चीनच्या हेनान प्रांतात १९९० च्या दशकात गरीब शेतकऱ्यांनी पैशासाठी रक्तद्रव विकलं. रक्त काढायच्या गलथान पद्धतीमुळे गावंच्या गावं एचआयव्हीने बाधित झाली आणि सरकारला ते दडपायचं होतं. त्याबद्दल बोलणाऱ्यांत हू जिया होता. २००६ च्या फेब्रुवारीत तो एके दिवशी नाहीसा झाला. कुठे नेलं, कोणी नेलं, काही नाही. एकेचाळीस दिवस. तेविशीच्या आतबाहेरची ही मुलगी पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजवत होती आणि रोजच्या रोज काय घडलं ते लिहीत होती. तिचं लिखाण सुरू झालं ते असं. हौस म्हणून नव्हे, नवरा सापडेना म्हणून.

तो परत आला, पण मग दोघांनाही घरातच कोंडलं. बीजिंगच्या बाहेरच्या भागात त्यांच्या वसाहतीचं नाव काय असावं? बोबो फ्रीडम सिटी. स्वातंत्र्य नगर! तिथे इमारतीखाली साध्या कपड्यातली माणसं दिवसरात्र बसलेली, पत्ते खेळणारी, ही दारातून बाहेर पडली की मागे चालणारी. या दोघांनी काय केलं, तर खिडकीतून त्यांचंच चित्रण केलं. पहारेकऱ्यांवर पहारा. त्याचा ‘प्रिझनर्स इन फ्रीडम सिटी’ हा छोटा माहितीपट २००७ साली झाला. त्याच वर्षी ‘टाइम’च्या यादीत तिचंही नाव होतं.

नोव्हेंबर २००७ मध्ये तिला मुलगी झाली. २७ डिसेंबरला नवऱ्याला पकडून नेलं. बाळ दीड महिन्याचं. तुम्ही-आम्ही दीड महिन्याच्या बाळंतिणीला माजघरातून हलू देत नाही. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊ घालायला बाई, दाराशी कोणी मोठ्याने बोललं तर ‘हळू रे’ म्हणायला सासू. त्या मुलीच्या दाराशी पोलीस होते, आणि टेलिफोन, इंटरनेट तोडलेलं. एप्रिल २००८ मध्ये नवऱ्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा काय, तर लेख लिहून आणि मुलाखती देऊन राज्यसत्ता उलथवायला चिथावणी दिली. त्या ऑगस्टमध्ये बीजिंगला ऑलिंपिक होतं. सगळं जग टीव्हीवर ते डोळे दिपवणारं उद्घाटन बघत होतं, मीही कणीक मळता मळता बघितलेलं आठवतंय. त्याच दिवसांत हिला बाळासह उचलून दालियान नावाच्या दूरच्या शहरात एका हॉटेलात नेऊन ठेवलं होतं. पाहुणे यायचे म्हणून आपण अडगळ माळ्यावर टाकतो ना, तसं.

डिसेंबर २००८ मध्ये युरोपच्या संसदेने हू जियाला साखारोव्ह पुरस्कार दिला. तो तुरुंगात. तेव्हा हिने घरात चित्रित केलेला संदेश बाहेर पोचवला आणि तो स्ट्रासबर्गच्या सभागृहात सगळ्यांना दाखवला गेला. आवाज हळू, चेहरा थकलेला. रागाचा एक शब्द नाही. मी त्या बाईच्या बोलण्यावर फार विचार केला. आपल्याकडे हित, मित, प्रिय बोलावं असं सांगतात. हिताचं, मोजकं, गोड. अनेकदा त्यातलं ‘प्रिय’ तेवढं उचलतो आपण आणि ‘हित’ सोडून देतो, कारण गोड बोलायला काही पडत नाही. हिच्या बोलण्यात हित होतं आणि ते मितही होतं. प्रिय मात्र सरकारला ते वाटणं शक्य नव्हतं.

चीनमध्ये लोकांनी या धाकावर शब्दही कसे काढलेत! पोलिसांनी चौकशीला बोलावलं की म्हणायचं ‘चहाला बोलावलंय’. सरकार म्हणतं आम्ही समाजात सुसंवाद आणतो, म्हणून मजकूर उडवतो. चिनी भाषेत ‘सुसंवाद’ आणि ‘नदीतला खेकडा’ हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात. मग ‘माझा लेख उडवला’ म्हणायच्या ऐवजी लोक म्हणू लागले, ‘माझ्या लेखाला खेकडा लागला’. उडवणाऱ्या यंत्राला खेकडा कसा पकडता येणार? दळता-कांडता सासूबद्दल ओव्या रचणाऱ्या आपल्या पणज्यांना ही युक्ती नवीन वाटली नसती.

तिसरी फरनाज. तिच्याबद्दल लिहिताना मला एक तारीख सापडली आणि मी थबकलेच. २७ जानेवारी २००७. तेहरानच्या विमानतळावर तीन बायकांना अडवून पकडलं. त्या निघाल्या होत्या भारतात, पत्रकारितेच्या एका प्रशिक्षण वर्गाला! आपल्याकडे यायला निघालेल्या तीन लेकीबाळी, हातात तिकीट, बॅगा भरलेल्या, आणि विमानाऐवजी एविन तुरुंग. त्यातली एक फरनाज. घरांची झडती झाली, संगणक नेले, मग जामिनावर सोडलं.

गुन्हा काय होता तर सह्या गोळा करणं. ऑगस्ट २००६ मध्ये इराणच्या बायकांनी दहा लाख सह्यांची मोहीम काढली. मागणी कायदे बदलण्याची. तिथे मुलीला वारसा मुलाच्या निम्मा. कोर्टात साक्ष द्यायची तर कितीतरी बाबतीत दोन बायका मिळून एका पुरुषाएवढ्या. लग्न झालेल्या बाईला पासपोर्ट हवा तर नवऱ्याची परवानगी. म्हणून या मुली बागेत, बसमध्ये, ब्यूटी पार्लरमध्ये जायच्या, बायकांच्या शेजारी बसायच्या, कागद पुढे करायच्या. सही दिली नाही तरी एक पत्रक हातात द्यायच्या. हळदीकुंकवाला वाण द्यावं तितकं साधं काम. आणि त्यावर शिक्षा.

फरनाज ही इराणमध्ये लिहायला लागलेल्या पहिल्या-पहिल्या मुलींपैकी. २००१ साली फारसी भाषेत स्वतःचं पान कसं काढायचं याच्या सूचना कोणीतरी लिहून प्रसिद्ध केल्या आणि पाच वर्षांत अशा लिखाणात फारसी जगातल्या पहिल्या दहा भाषांत जाऊन बसली. का? कारण वर्तमानपत्रं एकामागून एक बंद केलेली होती. बोलायला दुसरी जागाच नव्हती. सरकारने मग पानं अडवली, आणि २००६ मध्ये घरगुती इंटरनेटचा वेगच १२८ केबीवर बांधून टाकला. म्हणजे उघडू दे, पण उघडता उघडता माणूस म्हातारा होऊ दे. शेवटी फरनाजला देश सोडावा लागला. आता ती परक्या देशात बसून लिहिते. चित्रपटात या तिघींत मला तीच जास्त एकटी वाटली. बाकी दोघी कोंडलेल्या होत्या तरी आपल्या भाषेच्या आवाजात होत्या. खाली भाजीवाला ओरडला तर तो त्यांच्या भाषेत ओरडत होता.

तिथल्या कित्येकींना टोपणनावाने लिहावं लागलं. त्यावर सूनबाई म्हणाली, “आई, खोट्या नावाने लिहिणं म्हणजे भित्रेपणाच ना?” मी तिला म्हटलं, मग आपल्या मालतीबाई बेडेकरांना काय म्हणशील? १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. केवढं वादळ झालं होतं, कोण ही बाई म्हणून शोध सुरू होता. नाव झाकलं म्हणून तर पुस्तक बाहेर आलं. सून म्हणाली, “पण तेव्हा सरकार कुठे मागे लागलं होतं?” बरोबर आहे तिचं. समाज चिडणं निराळं आणि सरकारच्या हातात तुरुंगाची किल्ली असणं निराळं. दोन्ही एका खात्यात जमा करता येत नाहीत.

तरी आपल्याकडे ती किल्ली कधी फिरलीच नाही असंही नाही. योआनीचा जन्म १९७५ चा. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी आली. मी नववीत होते. काही वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध केल्याची कुजबुज आमच्या गावातही आली होती. अण्णा रात्री रेडिओ अगदी बारीक आवाजात लावायचे आणि आई दार लोटून घ्यायची, एवढं पक्कं आठवतं. का, ते विचारलं तर “तू अभ्यास कर.” त्या डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. सरकारातली बडी मंडळी समोर बसलेली असताना दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या, तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाशजींना बरं वाटावं म्हणून त्यांनी श्रोत्यांना प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. पासष्टीची बाई. कराड आमच्यापासून काही लांब नाही. अण्णा तिथे जाऊन आले होते हे मला आई गेल्यावर त्यांच्या वहीतून कळलं.

आणि हा चित्रपट आला त्याच २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, आठवत असेल. मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्यावर अंगठा दाबला. एवढंच. तो ६६अ कलमाचा कायदा पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तोही कायदा शिकायला निघालेल्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने अर्ज केला होता म्हणून. तरी त्या रद्द कलमाखाली ठिकठिकाणी गुन्हे नोंदवणं चालूच होतं, हे २०२१ मध्ये त्याच न्यायालयासमोर आलं. मेलेल्या चेकबुकवर चेक फाडत राहावं तसं.

मघाशी पेन ड्राइव्हचं लिहिलं. योआनीचं पान देशात अडवलं तेव्हा लोक ते सीडीवर, पेन ड्राइव्हवर उतरवून हातोहात पोचवत होते. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे मूडबिद्री आलं. आपल्या धवला, जयधवला ग्रंथांची ताडपत्रं तिथे शेकडो वर्षं कुलुपात. दर्शन घ्यायचं, वाचायचं नाही. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी, मुंबईचे माणिकचंद शेठ यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्कल करायची परवानगी मिळाली, पण नक्कलही मूडबिद्रीच्या बाहेर जायची नाही अशी अट. नक्कल करायला बसलेल्या गजपती उपाध्यायांनी गुपचूप कानडीत आणखी एक प्रत केली, आणि त्या कामात मोठा हात होता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. ती प्रत बाहेर पडली, सहारनपूरला गेली, तिच्यावरून आणखी प्रती झाल्या आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापला. कुलूप लावणारे वाईट नव्हते. ग्रंथ जपायचा होता त्यांना, सरकारी दडपशाहीशी त्याची बरोबरी मी करत नाही. पण दिव्याच्या उजेडात चोरून एकेक अक्षर उतरवणारी ती लक्ष्मीबाई मला या तिघींच्या पंगतीत बसलेली दिसते. आपण शास्त्रदानाच्या पावत्या फाडतो तेव्हा तिचं नाव कोणी घेतं का?

आता स्वतःचं थोडं, कारण ते न सांगता पुढे जाणं बरं नाही. दोन वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं की एका कार्यक्रमातल्या बोलीचा जमाखर्च फळ्यावर लावावा. कोणावर आळ घेतला नव्हता. जमा किती, खर्च किती, शिल्लक कुठे, एवढंच. बी.कॉम. बाई दुसरं काय विचारणार? तीन दिवसांत सात फोन. मला एकही नाही! ह्यांना चार, थोरल्या दिरांना दोन आणि नणंदेला एक. नणंदेच्या मुलीचं तेव्हा ठरत होतं. “वहिनी, तेवढं काढून टाका ना, पोरीचं अडेल,” म्हणून ती रडली फोनवर. कोणी मला मजकूर खोटा आहे असं म्हटलं नाही. चुकतंय कुठे ते दाखवा, मी दुरुस्त करते, असं मी निरोप धाडला, त्याला उत्तर नाही.

मी लेख काढला नाही. मुलीचं लग्न झालं, छान झालं. नणंद अजून मनमोकळं बोलत नाही, ते दुखतं. हिशेब अजून फळ्यावर लागलेला नाही.

हे त्या तिघींच्या दुःखाशेजारी ठेवायला लाज वाटावी इतकं किरकोळ आहे, ते मला कळतं. मी त्या रात्री माझ्याच पलंगावर झोपले, सकाळी दूध आलं, फोन चालू होता. पण चित्रपट बघताना एक गोष्ट ओळखीची वाटली. बाईला गप्प करायचं तर कोणीही थेट बाईकडे येत नाही. तिच्या माणसांच्या वाटेने येतात. जिनयानच्या बाळामार्फत, कोणाच्या नवऱ्याच्या नोकरीमार्फत. भीती आपल्याच माणसाच्या आवाजात बोलते, म्हणून तिला नाही म्हणणं अवघड.

एका मावशींनी मला तेव्हा विचारलं होतं की ही परनिंदा नाही का, मौन बरं नाही का? मौन बरंच. पण मौन दोन तऱ्हेचं असतं. तुरुंगात ‘बाकीच्यांची नावं सांग’ म्हटल्यावर तोंड न उघडणं, हे एक मौन. त्याने दुसऱ्याचा जीव वाचतो आणि सत्य अणुव्रतातही अशा वेळी न बोलण्याला जागा आहे. दुसरं मौन म्हणजे आपल्याला झळ लागू नये म्हणून दिसलेलं न दिसल्यासारखं करणं. दोन्हीला एकच नाव आहे म्हणून दोन्हीचं पुण्य सारखं कसं होईल? मावशींना हे पटलं की नाही ते माहीत नाही, पण चहा घेऊन गेल्या. आपल्या चार दानांत आहार, औषध, शास्त्र यांच्या बरोबरीने अभय ठेवलंय. आहारदानाला आपण रांगा लावतो. अभयदान म्हणजे मुंगी न मारणं एवढंच धरून चालतो.

पुढे काय झालं ते सांगते, कारण चित्रपट २०१२ ला थांबतो. हू जिया जून २०११ मध्ये सुटला. पुढच्या वर्षी तो आणि जिनयान वेगळे झाले. इतकं सोसून वेगळे झाले म्हणून काहींना वाईट वाटेल. मला तिचं आश्चर्य वाटलं नाही. कोंडलेल्या घरातला संसार आपण कोणत्या मापाने मोजणार? ती हाँगकाँगला गेली, तिथे तिने डॉक्टरेट केली, स्वतः चित्रपट करू लागली. योआनीने मे २०१४ मध्ये ‘फोर्टीन-वाय-मेदिओ’ हे बातमीपत्र काढलं. चौदा हे साल, चौदा हा मजला आणि वाय ती स्वतः. क्यूबात २०१५ मध्ये बागांमधून वायफाय आलं, २०१८ च्या डिसेंबरात मोबाइलवर इंटरनेट आलं, आणि जुलै २०२१ मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तेच तोडलं गेलं. इराणमध्ये २०२२ साली महसा अमिनीची बातमी देणाऱ्या निलुफर हमेदी आणि इलाहे मोहम्मदी या दोन पत्रकार बायकांना तुरुंगात टाकलं. जानेवारी २०२४ मध्ये त्या जामिनावर बाहेर आल्या. फरनाज दुरूनच लिहिते आहे.

ज्यांना चित्रपट बघायचा असेल त्यांनी येत्या रविवारी दुपारी दोन वाजता आमच्याकडे या. दीड तासाच्या वर थोडा आहे. मध्ये थांबवून मराठीत सांगायला सूनबाई आहे, त्यामुळे तीन तास धरून चाला. म्हणजे पाच वाजता निघून सगळ्या जणी सूर्यास्ताच्या आत जेवणाला घरी. नणंदेलाही निरोप दिला आहे. बघू.